स्वच्छ आवाजातला तास

उदाहरण क्रमांक तीन अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा निटुरे मॅडमना पहिला फटका बसला.

फटका मीटरपट्टीचा होता. सागवानी, दोन्ही टोकांना पितळेची टोपी बसवलेली, प्रयोगशाळेतली पट्टी. म्हणजे साहित्य कॉलेजचंच होतं. मारणारा तेवढा बाहेरचा. व्यंकट तोंडारे. सगळं देवणखेड त्यांना व्यंकटअण्णा म्हणायचं, कारण नुसतं व्यंकट म्हणणाऱ्या एका गृहस्थांना त्यानंतर कित्येक महिने भाकरी कुस्करून खावी लागली होती.

"नवाचे सत्तावीस करायला किती वेळ लागतो ओ मॅडम?" अण्णांनी विचारलं. अण्णांचा आवाज कधी चढत नसे. चढायचा तो हात.

"तास चालू आहे," मॅडम म्हणाल्या. खडू अजून फळ्यावरच टेकलेला होता.

दुसरा फटका कानावर बसला. कुडी पाळी फाडून निघाली आणि टणटण करत पहिल्या बाकाखाली गेली. तिसऱ्याला मॅडम खाली पडल्या. मग अण्णांनी पट्टी टेबलावर ठेवली, अगदी कडेला समांतर, आणि हातापायांनी सुरुवात केली. बारावी विज्ञानाचा भरलेला वर्ग समोर होता. कुणी ओरडलं नाही. एक मुलगी रडायला लागली, तिला शेजारणीनं कोपर मारून गप्प केलं. दुसऱ्या बाकावर अण्णांची मुलगी प्रांजली वहीत मान घालून बसली होती आणि एकाच रेघेवरून पेन पुन्हा पुन्हा फिरवत होती. कागद फाटला तरी तिचा हात थांबला नाही.

काम झाल्यावर अण्णांनी केस सारखे केले आणि छताकडे पाहिलं. तिथं जेवणाच्या ताटाएवढी पांढरी चकती बसवलेली होती. तालुक्यातल्या सगळ्या वर्गांत असल्या चकत्या बसवायचं कंत्राट अण्णांचंच होतं.

"आवाज चांगला आला पाहिजे," ते चकतीला म्हणाले आणि निघून गेले.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलानं भीतभीत विचारलं, "मॅडम, तिसरं उदाहरण परीक्षेला आहे का?"

*

"मॅडम, मला फिजिक्समध्ये कधी गती नव्हती," फौजदार देशमाने म्हणाले, "पण हे मलासुद्धा कळलं बघा."

ठाण्यातल्या पडद्यावर निटुरे मॅडम शिकवत होत्या. तीच निळी साडी, तोच फळा. दार बंद. अण्णा कुठंच नव्हते. पडद्यावरच्या मॅडमनी तिसरं उदाहरण सोडवलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या, एककही लिहिलं आणि चौथ्याकडे वळल्या. पंख्याची घरघर नाही, रिक्षाचा हॉर्न नाही, कुणाची खोकल्याची ढास नाही. दोन्ही कानांत कुड्या चमकत होत्या.

खऱ्या मॅडमच्या कानाला सात टाके होते आणि डावा डोळा उघडत नव्हता. त्यांनी उजव्या डोळ्यानं तो तास शेवटपर्यंत पाहिला. त्यांना सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर तिसऱ्या उदाहरणाची मांडणी त्यांच्यापेक्षा चांगली होती, याचा.

"ही मी नाही," त्या म्हणाल्या.

"प्रमाणित चित्रण आहे मॅडम. वर्गात काय घडलं याचा पुरावा म्हणजे हेच. पोरांच्या सांगण्याला आता काही अर्थ नाही, नियमच आहे तसा. मोबाईल तर तुम्ही दारातल्या पेटीत टाकायला लावता." देशमानेंनी चित्र थांबवून कुडीवर बोट ठेवलं. "वर्गात कान धड आहे. ठाण्यात येईपर्यंत फाटलाय. मध्ये तुम्ही कुठं गेला होता?"

"घरी, यांना घ्यायला. मग टाके घालायला दवाखान्यात."

यांना म्हणजे दिगंबर निटुरे, मॅडमचे यजमान. कालव्याच्या कचेरीत नोकरी, सरळ माणूस, शेजारच्या खुर्चीत बायकोची पर्स मांडीवर घेऊन बसलेला. देशमानेंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठले, दार लावलं आणि त्यांच्या कानाखाली अशी ठेवून दिली की पर्स खिडकीपाशी जाऊन पडली.

"बायकोचा कान फाडतोस? शिकलेला ना तू?"

ठाण्यातला कॅमेरा दुरुस्तीला गेला होता.

*

हे यंत्र काय होतं ते इथं सांगायला हवं.

त्या पांढऱ्या चकतीत एक कॅमेरा आणि चौसष्ट मायक्रोफोन होते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर धावतो. म्हणजे तिसऱ्या बाकावर कुणी कुजबुजलं, तर ती कुजबुज एका मायक्रोफोनला आधी ऐकू येणार आणि वीतभर लांबच्याला अगदी किंचित उशिरा, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी उशिरा. अशा चौसष्ट उशिरांचा हिशेब केला की कुठला आवाज कुठून निघाला ते बोट ठेवून सांगता येतं. आणि जागा कळली की तांदळातून खडा वेचावा तसा तो आवाज बाकीच्यांतून वेचून बाजूला काढता येतो. इथपर्यंतचं शास्त्र जुनंच.

नवीन होती ती रफू. खडा काढला की तिथं भोक उरतं. शिक्षकाच्या बोलण्यावर हॉर्न वाजला आणि हॉर्न काढून टाकला, तर खालचे दोन शब्दही जातात. या यंत्रानं प्रत्येक शिक्षकाचे शेकडो तास ऐकलेले असत. कुठल्या वाक्यानंतर हा माणूस काय बोलणार, कुठं थांबणार, कधी 'लक्षात आलं का' म्हणणार, हे त्याला त्या शिक्षकाच्या घरच्यांहून चांगलं ठाऊक असे. त्यामुळं यंत्र ते भोक त्याच शिक्षकाच्या आवाजात आणि त्याच्याच ओठांच्या हालचालींसह बुजवून टाकी. चित्राचीही तशीच रफू होई. मूळ कच्चं चित्रण जागा फार खातं म्हणून त्याच दिवशी पुसलं जाई. उरे तो स्वच्छ तास. योजनेचं नाव 'स्वच्छपाठ' होतं आणि खेड्यापाड्यातल्या मुलांना शहरातल्यासारखं शिक्षण मिळावं, इतका तिचा हेतू चांगला होता.

प्रश्न एवढाच की पाठ कशाला म्हणायचं आणि गोंगाट कशाला, हे यंत्राला कुणीतरी शिकवावं लागतं. ते शिकवलं शिक्षकांनीच. सुरुवातीला कॉलेजाकॉलेजांतून आवाजांचे नमुने ऐकवण्यात आले. पंखा? गोंगाट. बाक सरकवणं? गोंगाट. मग एक फाडकन आवाज आला आणि त्यामागून मुलाचा हुंदका. देवणखेडच्या शिक्षकखोलीत सगळ्यांच्या माना गणिताच्या चाकूरे सरांकडे वळल्या. चाकूरे सर चहात बिस्किट बुडवत होते.

"गोंगाटच की तो," प्राचार्य मलगे म्हणाले. "शिकवणं थोडंच आहे?"

कुणी काही बोललं नाही. निटुरे मॅडमही नाही. सगळ्या राज्यातल्या शिक्षकखोल्यांत बहुधा असाच चहा चालू असावा, कारण यंत्र ते फार लवकर शिकलं. मारणं कायद्यानं बंद होतं आणि आता ते चित्रणातही कुठं नव्हतं, म्हणजे ते नव्हतंच.

पुढं यंत्रानं स्वतःची अक्कल चालवली. हुंदका गोंगाट, तर रडणं गोंगाट. रडणं गोंगाट, तर 'मारू नका' हाही गोंगाट. अभ्यासक्रमात नसलेलं काहीच पाठ नव्हे. आणि अभ्यासक्रमात नसलेला माणूस वर्गात आला तर तोही पाठ नव्हे.

गावातल्या लोकांना हे शास्त्रज्ञांच्या आधी कळलं. रस्त्यावर, बाजारात, बसथांब्यावर पोलिसांचे कॅमेरे होते आणि त्यांच्यावर रफू नव्हती. देवणखेडात एखाद्याला निवांत मारायला जागा एकच उरली होती, ती म्हणजे चालू वर्ग. बाजार समितीच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराला नववी ब मध्ये नेऊन तुडवलं, तो तास पुढं सुभाषितांचा आदर्श पाठ म्हणून निवडला गेला. दोन चुलतभावांनी बांधाचा वाद भूगोलाच्या तासाला कुऱ्हाडीनं मिटवला. एकाची तीन बोटं गेली. चित्रणात मान्सूनचे वारे वाहत होते.

*

दिगंबररावांवर गुन्हा दाखल झाला, कचेरीतून निलंबनाचा कागद आला आणि सुनावणी महिन्यानंतरची लागली. वकील म्हणाला, आत जायची तयारी ठेवा.

जामिनावर सुटून ते घरी आले आणि मॅडमचा तो तास पुन्हा पुन्हा बघत बसू लागले.

"बंद करा हो ते," मॅडम म्हणाल्या.

"सुलक्षणा, यात तू इतकी व्यवस्थित आहेस, की काल मला वाटलं, मीच मारलं असेन."

"असं काय बोलताय?"

"मग आठवत कसं नाही म्हणशील, तर यातलं चौथं उदाहरण तुला तरी कुठं आठवतंय?"

मॅडमना खरोखरच आठवत नव्हतं, कारण त्यांनी ते शिकवलंच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी मुलांच्या वह्या पाहिल्या, तर सगळ्यांच्या वहीत चौथं उदाहरण होतं.

"व्हिडिओवरून उतरवून घेतलं, मॅडम," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"त्या दिवशी वर्गात काय झालं ते आठवतंय ना तुम्हाला?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आठवत सगळ्यांना होतं. पण परीक्षा व्हिडिओवर होती. मॅडमनी मग सगळी हकिगत चकतीखाली उभं राहून मोठ्यानं सांगितली, नावगावासकट. संध्याकाळी चित्रण पाहिलं. पडद्यावरच्या मॅडम तेवढा वेळ मागच्या पाठाची उजळणी घेत होत्या.

शिक्षकखोलीत प्राचार्य मलगेंनी खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, प्रात्यक्षिकाचे गुण भरायची मुदत पुढच्या सोमवारपर्यंत आहे. अण्णांचं म्हणणं एवढंच, की पोरगी डॉक्टर झाली पाहिजे. तुम्ही सत्तावीस द्या, ते देशमानेंशी बोलतील. मिस्टरांचं मिटून जाईल सगळं."

"ती वर्षभर लातूरला क्लासला होती, आता परीक्षेपुरती वर्गात येते. प्रयोगशाळेला तिचा पाय लागला नाही."

"जर्नल पूर्ण आहे की तिचं."

"सर, प्रत्येक प्रयोगाची तीन वाचनं घ्यायची असतात. हिची तिन्ही सगळीकडं सारखी आहेत. दशांशापर्यंत सारखी. खऱ्या प्रयोगात असं कधी होत नाही. हात हलतो, वारा येतो, काहीतरी होतंच."

"आता यात वारा कुठून आणला तुम्ही," मलगे वैतागून म्हणाले. "नवऱ्यापेक्षा वाचनं मोठी का?"

सत्तावीस लिहिले तर नवरा सुटेल, पण घरातल्या पडद्यावर ती निळी साडीवाली बाई तशीच शिकवत राहील आणि एक दिवस दिगंबरराव तिच्यावरच विश्वास ठेवून मोकळे होतील. मॅडमना नवरा सुटायला हवा होता, पण त्यानं मारलं नव्हतं म्हणून सुटायला हवा होता.

त्या रविवारी त्यांनी स्वतःचे जुने तास काढून पाहिले, आणि एका तासाला त्यांचा हात थांबला. लोखंडी गोळा वाळूत टाकण्याचा प्रयोग होता. गोळा पडल्याचा धप्प आवाज छातीत बसावा इतका सुरेख आला होता. त्याच तासात पुढं तोच गोळा हातातून निसटून फरशीवर आपटला होता, त्यांना चांगलं आठवत होतं, फरशीचा टवका उडाला होता. चित्रणात ते काहीच नव्हतं. गोळा एकच, हात एकच. एक आवाज पाठ झाला, दुसरा गोंगाट.

त्यांनी आणखी तास काढले. एका प्रयोगात निष्कर्ष सांगायच्या आधी घंटा झाली होती. तो प्रयोग सबंध नाहीसा होता. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे विज्ञानाचा शिक्षक प्रयोग दाखवतो तो चार शब्दांत: साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मुलं ते चार मथळे आखून ठेवतात, मधलं कुणी वाचत नाही. यंत्रही आपल्याच वर्गांत बसून शिकलेलं. साहित्य म्हटलं की ते सावध होई, निष्कर्ष ऐकला की मान डोलवी, आणि त्या दोहोंच्या मध्ये जे घडेल ते पाठ म्हणून जपून ठेवी.

खात्री करायला त्यांनी गुंडाप्पाला धरलं. गुंडाप्पा शिपाई रोज वर्गावर नोटीस घेऊन येई आणि रोज चित्रणातून नाहीसा होई.

"साहित्य," मॅडम म्हणाल्या. "एक शिपाई, एक नोटीस. कृती: शिपाई दारातून टेबलापर्यंत एकसमान वेगाने चालतो."

पहिल्या दिवशी गुंडाप्पा एकदाच चालला आणि चित्रणात आला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तीन वाचनांसाठी तो तीनदा चालला. निरीक्षण झालं, निष्कर्ष झाला. संध्याकाळच्या चित्रणात गुंडाप्पा टोपीसकट दिसत होता, चपलेच्या करकरण्यासह. त्यानं ते बायकोला दाखवलं. बायको म्हणाली, इतकी वर्षं कॉलेजात जातो म्हणता ते खरंच म्हणायचं.

शनिवारी मॅडमनी प्राचार्यांना निरोप दिला: गुण बदलणार नाही, अण्णांना सांगा, सोमवारी माझा दुसरा तास आहे.

*

सोमवारी दुसऱ्या तासाला खिडकीतून अण्णांची पांढरी गाडी आवारात वळताना दिसली. मॅडमनी मीटरपट्टी टेबलावर ठेवली, अगदी कडेला समांतर.

"आज आवेगाची उजळणी. आपण एक प्रात्यक्षिक पाहणार आहोत. साहित्य लिहून घ्या. एक लाकडी मीटरपट्टी. एक शिक्षिका. एक बाहेरील व्यक्ती, श्री. व्यंकट तोंडारे."

पेनं थबकली. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं लिहायला घेतलं आणि मागून सगळी लिहू लागली. प्रांजली लिहीत नव्हती.

दार उघडून अण्णा आत आले.

"कृती," मॅडम म्हणाल्या. "बाहेरील व्यक्ती आत येते आणि मीटरपट्टी उचलते."

अण्णांचा हात तोवर पट्टीवर पडला होता. ते क्षणभर थांबले. "काय चाललंय?"

"तास."

"गुण भरले?"

"भरले. नऊ."

पट्टी डाव्या दंडावर बसली. हाड वाजलं ते मॅडमना आतून ऐकू आलं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"निरीक्षण. वाचन पहिलं. डावा दंड. आवाज कोरडा. पट्टी मोडली नाही."

वर्गात पेनांची कुरकुर चालू होती. अण्णांनी आजवर पुष्कळांना मारलं होतं. कुणी पाया पडलं होतं, कुणी शिव्या दिल्या होत्या, एकानं पँट ओली केली होती. पण माराची टिपणं कुणी उतरवून दिली नव्हती. त्यांनी छताकडे पाहिलं. चकती नेहमीसारखी पांढरी होती. चकत्या त्यांनी बसवल्या होत्या, आत काय चालतं ते कधी विचारलं नव्हतं.

"डोकं फिरलंय बाईचं," ते म्हणाले आणि पट्टी टाकून दाराकडे वळले.

एका वाचनाचा प्रयोग यंत्र ठेवणार नाही. ते रफू करील, आणि पडद्यावर पुन्हा ती बाई धड हातानं फळा पुसेल.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "एका वाचनावर निष्कर्ष काढत नाहीत. तुमच्या मुलीनंही हेच केलं. एक वाचन घेतलं, बाकीची दोन मनानंच लिहिली. पण तिला तरी काय बोलणार, घरात जे बघेल तेच करणार ना पोर."

अण्णा वळले. या वेळी त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी धरली.

"वाचन दुसरं," मॅडम फरशीवरून म्हणाल्या. "बरगडी. उजवी. श्वास..." त्यांनी श्वास घेऊन पाहिला. "श्वास अर्धा येतो."

तिसरा फटका जबड्यावर आला आणि पट्टी मोडली. पितळी टोपी उडून फळ्यावर आदळली. मॅडमच्या तोंडातून रक्त आणि दात एकदमच बाहेर आले. एक मुलगा उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"वाचन तिसरं," मॅडम म्हणाल्या, पण ते इतकं अस्पष्ट आलं की पहिल्या बाकालाच कळलं असेल. "पट्टी मोडली."

आता निष्कर्ष राहिला होता. त्यांनी तोंड उघडलं तर जबडा एका बाजूला सरकला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. विद्यार्थ्यांचा आवाज यंत्र ठेवी तो एकाच प्रसंगी, शिक्षकानं प्रश्न विचारला असेल तेव्हा. त्यांनी हातानं जबडा धरला.

"निष्कर्ष," त्या म्हणाल्या. "कोण सांगेल?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कुठल्याही वर्गात हा प्रश्न विचारला की जातात तशाच. अण्णा हातातला तुकडा घेऊन बाकांकडे बघत होते, आणि ते काय बघताहेत हे प्रत्येक मुलाला कळत होतं. व्हरांड्यात गुंडाप्पा घंटेकडे चालल्याचा आवाज आला. तीच करकर, एकसमान वेग.

दुसऱ्या बाकावर प्रांजली उभी राहिली.

"खाली बस," अण्णा म्हणाले.

तिनं हात मागं बांधले, शाळेत कविता म्हणताना बांधतात तसे. बोलताना ती वडिलांकडे बघत नव्हती, फळ्याकडे बघत होती.

"निष्कर्ष. माझ्या वडिलांनी निटुरे मॅडमना माझ्या प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी मारलं. मागच्या महिन्यात कान फाडला तोही याच वर्गात, त्यांनीच. तिन्ही वाचनं वेगवेगळी आली. म्हणून प्रयोग खरा आहे."

अण्णा दोन बाकं ओलांडून गेले आणि त्यांनी तिच्या तोंडावर हाताच्या उलट्या बाजूनं असा तडाखा दिला की ती बाकासकट मागं कोसळली. हा आवाज चित्रणात नाही. प्रयोग तोवर संपला होता. चित्रणात प्रांजली निष्कर्ष सांगते, ओढणी सारखी करते आणि शांतपणे खाली बसते.

घंटा झाली.

*

"आवाज काय सुरेख आलाय हो," फौजदार देशमाने म्हणाले. त्यांनी तिसरं वाचन दोनदा लावून ऐकलं. प्रमाणपत्राच्या चौकटीत हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ध्वनी उत्कृष्ट, प्रात्यक्षिक पूर्ण.

अण्णांना त्याच संध्याकाळी उचललं. गाडीत बसताना ते एवढंच म्हणाले, की वर्गातलं चित्रणात येत नाही असं मला चकत्यांच्या कंपनीनं सांगितलं होतं. हे वाक्य पुढं त्यांच्याच विरुद्ध वापरण्यात आलं. दिगंबररावांवरचा गुन्हा मागं घेतला गेला. देशमानेंनी त्यांना बोलावून चहा पाजला. कानाखालच्या त्या चपराकेची कुठं नोंदच नसल्यामुळं माफी कशाची मागायची, हा प्रश्न उद्भवला नाही.

दिगंबरराव ठाण्यातून थेट दवाखान्यात आले. मॅडमचा जबडा तारांनी बांधलेला होता. ते खाटेच्या कडेला बसले.

"मी नव्हतं मारलं," ते म्हणाले, आणि रडू लागले.

मॅडमनी धड असलेल्या हातानं त्यांचा हात धरला. बाकीच्या खाटांवरून लोक बघत होते. एका नर्सनं येऊन सांगितलं की आवाज करू नका, पेशंटला त्रास होतो.

आठवड्यानं प्रांजली आली. गालावरचा काळा डाग आता पिवळा पडत चालला होता. ती मामाकडे राहत होती. आई तिच्याशी बोलत नव्हती. तिनं सफरचंदं आणली होती. जबड्याच्या तारा पाहिल्यावर तिनं ती पिशवी खाटेखाली सरकवली.

"तुझे गुण बदलले," मॅडम दातांच्या फटीतून म्हणाल्या. "मुदत वाढवून घेतली होती."

प्रांजली स्टुलावर बसली.

"नऊचे अकरा. निष्कर्षाचे दोन वाढले. तीसपैकी साडेदहाला पास."

"अकरावर मेडिकल मिळत नाही, मॅडम."

"नाही मिळत."

प्रांजलीनं मान हलवली. खिडकीबाहेर कुणाची तरी रिक्षा हॉर्न वाजवत होती आणि तो सबंध ऐकू येत होता. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"निरीक्षणाचे नाही दिले?"

"वाचनं माझी होती," मॅडम म्हणाल्या.